शेगडीवरचे गोश्त आणि कसायाचा तराजू

बकरी ईदचा दुसरा दिवस होता. दावतींची गडबड ओसरली होती. फ्रीजमध्ये हिश्शाचे गोश्त होते आणि घरात दोन दिवस कबाब आणि सालन खाऊन कंटाळलेली मुले. माझी भाची शमा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "खाला, आज बुल्गोगी करू या ना! त्या कोरियन सीरियलमध्ये सगळे शेगडीभोवती बसून खातात, ते."

अम्मीने नाव ऐकूनच कपाळाला हात लावला. पण साहित्य ऐकल्यावर ती म्हणाली, "अगं, हे तर आपले पसंदेच! फक्त मसाला वेगळा."

अम्मी शाळेत फार शिकली नाही, पण हाताला अनुभव आहे. तिचे म्हणणे खरे निघाले. गोश्ताचे पातळ काप, सुरीच्या पाठीने ठोकून मऊ केलेले, मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर भाजलेले. आपल्याकडे कच्ची पपई, दही, आले-लसूण. त्यांच्याकडे सोया सॉस, नासपतीचा रस, तिळाचे तेल, लसूण. संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटवली. गोश्त अर्थातच म्हशीचे होते, आपण घरात ज्याला 'बडे का' म्हणतो ते. जाळीवर साखर आणि सोया सॉस चरचरू लागले, तसा शेजारच्या गच्चीवरूनही आवाज आला, "आज काय नवीन?"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. नवीन पदार्थ खाल्ला की तो आला कुठून, हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. बुल्गोगीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा वाटले होते की मसाल्यांची आणि राजवाड्यांची गोष्ट असेल. ती आहेच. पण तिच्या आत दुसरी एक गोष्ट आहे. बंदीची, दंडाची, सुरी धरणाऱ्या माणसाची आणि शाळेच्या दारातून परत फिरवलेल्या मुलांची. ती वाचताना मला आपलेच मोहल्ले आठवत राहिले. म्हणून हा लेख.

कोरियन भाषेत 'बुल' म्हणजे आग आणि 'गोगी' म्हणजे मांस. आगीवरचे मांस, इतका साधा अर्थ. हा शब्द लोकांच्या तोंडी आणि छापील मजकुरात रुळला तो विसाव्या शतकात. पदार्थ मात्र जुना आहे. अनेक कोरियन लेखक त्याचे मूळ उत्तरेकडच्या प्राचीन गोगुर्यो राज्यापर्यंत नेतात, कारण चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात त्या बाजूच्या परकीयांच्या भाजलेल्या मांसाचा उल्लेख सापडतो. अभिमानाला ही वंशावळ बरी आहे. पण मधल्या कित्येक शतकांचा पुरावा तुटक आहे, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यावर फार भार टाकू नये.

पक्की माहिती मिळते ती पुढच्या काळाची. गोर्यो घराण्याचे राज्य ९१८ ते १३९२ असे चालले. बौद्ध धर्माला राजाश्रय होता आणि प्राणिहत्या टाळण्याकडे कल होता. ११२३ मध्ये चीनच्या सोंग दरबाराचा सू जिंग नावाचा वकील तिथे गेला. परत आल्यावर लिहिलेल्या वृत्तांतात त्याने नोंद केली की इथल्या लोकांना जनावर कापण्याचे कसब नाही, त्यामुळे त्यांच्या हातचे मांस चांगले लागत नाही. मग तेराव्या शतकात मंगोल आले. कोरिया त्यांचा मांडलिक झाला. १२७६ मध्ये मंगोलांनी जेजू बेटावर जनावरांचे मोठे कुरण सुरू केले. मांस पुन्हा ताटात आले.

मंगोलांच्या पाठोपाठ आणखी कोणी आले, हे आपल्या वाचकांना ऐकायला आवडेल. मध्य आशियातले मुसलमान व्यापारी, कारागीर आणि अंमलदार. कोरियन कागदपत्रांत त्यांना 'होइहोइ' म्हटले आहे. राजधानीत त्यांची वस्ती होती आणि दरबारी समारंभांत ते आपल्या पद्धतीने दुआ करीत. १४२७ मध्ये सेजोंग राजाच्या दरबाराने ठरवले की या लोकांनी वेगळा पोशाख आणि वेगळे विधी सोडून द्यावेत. त्यानंतर ही वस्ती हळूहळू कोरियन समाजात विरून गेली. मंगोलांबरोबर रुजलेली मांस भाजण्याची आवड मात्र टिकून राहिली.

१३९२ मध्ये जोसोन घराणे आले. धर्म बदलला. बौद्ध मठांऐवजी कन्फ्यूशियसच्या शिकवणीला मान मिळाला. आता पूर्वजांच्या श्राद्धविधीला मांस लागे आणि वृद्ध आईबापांना गोश्त खाऊ घालणे हे सुपुत्राचे लक्षण ठरले. तरीही बैल कापायला बंदीच होती. या बंदीमागे धर्म नव्हता, नांगर होता. भातशेतीच्या देशात बैल गेला की शेत पडीक पडते. गोर्योच्या अखेरीस, १३६२ मध्येच, गुरांची कत्तल रोखण्यासाठी स्वतंत्र खाते उघडले गेले होते. जोसोन राजांनी हे धोरण पुढे चालवले. बैल कापणे, दारू गाळणे आणि पाइनची झाडे तोडणे या तीन गोष्टींवरची बंदी हा त्या राज्याचा कायमचा नियम झाला. चोरून बैल कापणाऱ्याला फटके होते, दंड होता, आणि प्रसंगी सगळ्या कुटुंबासकट सरहद्दीवर हद्दपारी होती.

या बंदीला खोटे कारण म्हणता येणार नाही. १६३६-३७ मध्ये गुरांची साथ आली आणि गोठे रिकामे झाले. नांगराला जनावर उरले नाही, तेव्हा १६३८ मध्ये सरकारला मंगोलियात माणूस पाठवून १८१ गुरे विकत आणावी लागली. शेतकऱ्याच्या घरी बैलाची काय किंमत असते, ते सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या मला कोणी समजावून सांगायला नको. आपल्या राज्यघटनेच्या ४८ व्या कलमातही गोवंशाच्या कत्तलबंदीची गोष्ट शेती आणि पशुपालनाच्या संदर्भातच येते.

प्रश्न पुढे सुरू होतो. बंदी होती, आणि देशभर गोमांस खाल्ले जात होते. चोरून नव्हे, थाटात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका कोरियन ग्रंथात शेती आणि घरसंसाराची माहिती आहे. त्यात एका भाजलेल्या गोमांसाची कृती येते. मांसाचे काप सुरीच्या पाठीने ठोकायचे, बांबूच्या काडीत ओवायचे, तेल-मीठ लावून कोळशावर धरायचे, मध्येच काढून थंड पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा भाजायचे. असे तीनदा. पदार्थाच्या नावात बर्फ पडणाऱ्या रात्रीचा उल्लेख आहे. १८४९ मध्ये होंग सोक-मो याने वर्षभरातल्या चालीरीतींची नोंद करणारे पुस्तक लिहिले. तो सांगतो की थंडी सुरू झाली की राजधानीतले लोक शेगडीत कोळसे पेटवतात, वर लोखंडी भांडे ठेवतात, आणि तेल, सोया सॉस, अंडी, कांदा, लसूण लावलेले गोमांस भाजत शेगडीभोवती बसून खातात. म्हणजे शमाने सीरियलमध्ये पाहिलेले दृश्य निदान पावणेदोनशे वर्षे जुने आहे. राजवाड्यात आणि बड्या घरांत याच जातीचा 'नोबियानी' नावाचा पदार्थ होई. रुंद, पातळ काप, वरून सुरीने आडव्या-उभ्या चिरा. अम्मीचे पसंदे!

मग हे मांस येई कुठून? याचे उत्तर वाचून मी थक्क झाले. राजधानी सोलमध्ये सोंगग्युनग्वान नावाचे देशाचे सर्वोच्च विद्यापीठ होते. होणारे अंमलदार तिथे कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकत. या विद्यापीठाच्या मालकीचे दास जवळच्या एका वस्तीत राहत. त्यांना 'बानिन' म्हणत. राजधानीत बैल कापून गोमांस विकण्याचा परवाना त्यांच्याकडे होता. त्यांच्या दुकानांत मांस टांगलेले असे, म्हणून त्या दुकानांना 'टांगणीची दुकाने' अशा अर्थाचे नाव पडले. विद्यार्थ्यांच्या जेवणाला आणि विद्यापीठाच्या खर्चाला ही दुकाने पुरी पडत.

आणि कायद्याचे काय? बंदीची अंमलबजावणी करणारी तीन सरकारी खाती होती. ती या दुकानांकडून बंदी मोडल्याचा दंड नियमाने वसूल करीत. दंड भरला की दुकान चालू. म्हणजे दंड हा दंड राहिला नव्हता, तो कर झाला होता. बंदी कायम राहण्यात खात्याचा फायदा होता, आणि बंदी मोडली जाण्यातही खात्याचाच फायदा होता.

१७७८ मध्ये पाक जे-गा नावाचा विद्वान चीन पाहून आला आणि त्याने आपल्या देशाची कानउघाडणी करणारे पुस्तक लिहिले. त्यात तो हिशेब मांडतो की देशात दिवसाला पाचशे बैल कापले जातात. राजधानीत चोवीस दुकाने आहेत आणि तीनशेहून अधिक गावांच्या कचेऱ्यांतून मांसविक्री होते. आकडा त्याच्या अंदाजाचा आहे, मोजणीचा नव्हे. पण बंदीच्या राज्यात एक विद्वान असा अंदाज छापील कागदावर नव्हे तरी हस्तलिखितात उघडपणे मांडतो, यावरून त्या बंदीची हकीकत कळते.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस येतो.

राजधानीबाहेर, गावोगावी, जनावर कापण्याचे काम एका वेगळ्या समाजाकडे होते. जुन्या काळी त्यांना वेगळी नावे होती. ते फिरस्ते होते. शिकार, जनावर कापणे, टोपल्या विणणे, नाचगाणे यांवर जगत. १४२३ मध्ये सेजोंग राजाने त्यांना स्थिर करण्यासाठी एक चांगला विचार केला. त्यांना 'बेकजोंग' हे नाव दिले. तोपर्यंत त्या शब्दाचा अर्थ 'साधा प्रजाजन' असा होता. म्हणजे राजाने त्यांना सांगितले, तुम्हीही आमच्यातलेच. झाले उलटेच. बाकीच्या लोकांनी त्यांना आपल्यात घेतले नाही, तो शब्दच टाकून दिला. काही पिढ्यांत 'बेकजोंग' ही शिवी झाली.

नाव बदलून माणसाची इज्जत वाढत नाही, इज्जत नसेल तर चांगले नावच बाटते, हा धडा आपल्या देशालाही ठाऊक आहे.

बेकजोंगांनी गावाबाहेर राहायचे. इतर पुरुष घालत ती घोड्याच्या केसांची काळी टोपी त्यांनी घालायची नाही. रेशीम वापरायचे नाही. कोणाच्याही लहान पोराशीसुद्धा अदबीने, मान खाली घालून बोलायचे, आणि त्या पोराने मात्र त्यांच्या म्हाताऱ्याला अरे-तुरे करायचे. श्राद्धाच्या ताटात त्यांच्या हातचे मांस चाले. आजारी आईच्या तोंडी त्यांच्या हातचे मांस चाले. शेगडीभोवती हास्यविनोद रंगे तोही त्यांच्या हातच्या मांसावरच. फक्त तो हात चालत नसे.

१८९४ मध्ये कोरियन सरकारने सुधारणा केल्या आणि जन्मावरून ठरणारे दर्जे कायद्याने रद्द केले. अर्जविनंत्या झाल्यावर बेकजोंगांना टोपीही मिळाली. सोलमध्ये पाक सोंग-चुन नावाचा एक बेकजोंग होता. १८९८ मध्ये तिथे मोठी जाहीर सभा झाली. अंमलदार आणि जनता एकाच मांडवाखाली होती. त्या सभेत त्याने भाषण केले आणि मांडवाचीच उपमा दिली. एका खांबावर मांडव नीट उभा राहत नाही, पुष्कळ खांब लागले तर भक्कम होतो, अशा आशयाची. त्याचा मुलगा पाक सो-यांग १९०८ मध्ये आधुनिक वैद्यक शिकून परवाना मिळालेल्या देशातल्या पहिल्या सात डॉक्टरांपैकी एक ठरला. पुढे मांचुरियात त्याने दवाखाना आणि शाळा चालवली. कसायाच्या मुलाच्या हातात सुरी आली ती शस्त्रक्रियेची!

पण एक पाक सो-यांग म्हणजे सगळा समाज नव्हे. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. कायद्याने रद्द झालेला दर्जा सरकारी दप्तरात शिल्लकच राहिला. कुटुंबाच्या नोंदीत बेकजोंगांच्या नावापुढे खूण असे. शाळेच्या प्रवेशअर्जात ती बाहेर येई. मग दुसरे पालक तक्रार करीत आणि मुलाला दार बंद होई.

दक्षिणेकडे जिन्जू नावाचे शहर आहे. तिथे ली हाक-चान नावाचा एक बेकजोंग राहत होता. पैसा बाळगून होता. त्याला मुलांना शिकवायचे होते. त्याने दारे ठोठावली, पण मुलांना प्रवेश मिळाला नाही. या अपमानातून एप्रिल १९२३ मध्ये जिन्जूत एक संघटना उभी राहिली. कांग सांग-हो यांच्यासारखे बेकजोंग नसलेले सुशिक्षित लोकही तिच्यात पुढे होते. संघटनेचे नाव 'ह्योंगप्योंगसा'. यातला 'ह्योंग' म्हणजे तराजूची दांडी आणि 'प्योंग' म्हणजे समतोल. कसायाने आपल्या दुकानातला तराजू उचलला आणि समाजापुढे धरला. मला जगाच्या इतिहासात यापेक्षा नेमके नाव घेतलेली चळवळ आठवत नाही.

मागण्या साध्या होत्या. अपमानाची नावे बंद करा. जन्माचे दर्जे मोडा. मुलांना शिकू द्या. आपसात स्नेह ठेवा. यावर जिन्जूत काय प्रतिक्रिया झाली? महिनाभराच्या आत विरोधकांनी मोर्चे काढले आणि ठराव केला की यांच्याकडचे गोमांस विकत घ्यायचे नाही. पाचशे वर्षे बंदी असताना ज्यांनी गोमांस सोडले नव्हते, त्यांनी कसायाचे पोर शाळेत येणार म्हटल्यावर ते सोडण्याची भाषा केली. सेजोंगने नाव बदलले १४२३ मध्ये, तराजू उचलला गेला १९२३ मध्ये. बरोबर पाचशे वर्षे.

चळवळ देशभर पसरली. शेजारच्या जपानमध्ये १९२२ मध्ये अशाच हिणवल्या गेलेल्या वस्त्यांनी, ज्यांच्याकडे कातड्याचे आणि कत्तलीचे काम होते, समतेची संघटना काढली होती. दोन्ही संघटनांत संपर्क राहिला. राज्यकर्ता देश आणि गुलाम देश, पण दोन्हीकडच्या कसायांना एकमेकांचे दुःख कळले. पुढे मतभेद झाले, सरकारी दडपण वाढले. १९३५ मध्ये संघटनेचे नाव बदलले आणि तिची धार गेली. १९५० ते १९५३ च्या युद्धात कोरियातली गावेच उखडली गेली. कोण कुठला, कोणाचा बाप काय करीत होता, हे विचारायला शेजारीच उरले नाहीत. जे काम चळवळीने अर्धे केले, ते युद्धाने फार मोठी किंमत घेऊन पुरे केले. १९९६ मध्ये जिन्जूत या चळवळीचे स्मारक उभारले गेले.

१९३५ मध्येच एक गमतीची बातमी छापून आली होती. प्योंगयांगच्या एका टेकडीवरच्या बागेत लोक झाडांखाली बुल्गोगी भाजत बसत. धुराचा त्रास होतो म्हणून तिथे बुल्गोगीला मनाई करण्यात आली! पुढे शेतीत यंत्रे आली, बैलाचा नांगर सुटला, घरोघरी पैसा आला आणि बुल्गोगी सगळ्यांची झाली. युद्धात तुर्कस्तानची फौज कोरियात आली होती. तिच्या इमामांमुळे १९५५ च्या सुमारास काही कोरियन माणसांनी इस्लाम स्वीकारला. १९७६ मध्ये सोलच्या इतेवॉन भागात मशीद उभी राहिली. आज तिच्या आसपास हलाल बुल्गोगीही मिळते.

आता घरच्या शेगडीकडे येऊ, कारण शमाने बजावले आहे की कृती लिहिल्याशिवाय लेख पुरा करायचा नाही. अर्धा किलो गोश्त, शक्यतो मागच्या मांडीचे, चरबी नसलेले. अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावे म्हणजे घट्ट होते आणि पातळ काप निघतात. काप धाग्याच्या आडवे काढावेत. चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे साखर, अर्धी नासपती आणि एक छोटा कांदा किसून, पाच-सहा पाकळ्या लसूण, मिरपूड, एक चमचा तिळाचे तेल. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचे असते, त्याला खमंग वास असतो. ते नसेल तर चमचाभर तीळ भाजून कुटून घालावेत. तिकडे काही जण तांदळाची दारू घालतात. ती आपण वगळायची. गोडवा आणि मऊपणा नासपतीच देते. म्हशीचे गोश्त चिवट असते म्हणून आम्ही चमचाभर कच्च्या पपईचा लगदा घातला. पपई मूळची अमेरिकेची, सोळाव्या शतकात युरोपीय जहाजांतून आपल्याकडे आली आणि आपल्या कबाबात अशी मुरली की आता परकी वाटत नाही. तिचा लगदा घातला तर अर्ध्या तासाहून जास्त मुरवू नये, गोश्ताचा लगदा होतो. मीठ वेगळे लागत नाही. साखर लवकर करपते, म्हणून ज्वाळा नको, राख धरलेले निखारे हवेत. काप पातळ आहेत, दोन-तीन मिनिटांत होतात. वरून कांद्याची पात. सॅलडच्या पानात किंवा आमच्यासारखे ज्वारीच्या भाकरीत गुंडाळून खावे.

खाताना मला आमचे हिस्से करून देणारे भाई आठवले.

२०१५ मध्ये महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. गायीच्या कत्तलीला बंदी होतीच, ती बैल आणि वळूलाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. या कायद्यावर पुष्कळ बोलले गेले आहे, बाजूने आणि विरोधातही. मला इथे तो वाद घालायचा नाही. कायदा पाळायचा असतो आणि आपण तो पाळावा. कोरियाच्या इतिहासातून मला एवढेच दिसते की अशा बंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. खाणारा दुसरे काही खातो. सुरी धरणाऱ्याचा धंदाच बसतो, आणि परवान्याचे जनावर घेऊन निघाला तरी त्याच्या पोटात भीती असते.

पण आज बोट बाहेर न दाखवता आपल्या घरात वळवू या. मराठीत 'कसायाला गाय धार्जिणी' अशी म्हण आहे. निर्दय माणसाला आपण 'कसाई' म्हणतो. हे फक्त इतर लोक म्हणतात का? आपल्या घरांतही म्हणतात. नमाजाला एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आणि मुलीचे स्थळ कुरैशी घरातून आले की बिरादरीचा विचार सुरू होतो. "माणसे चांगली आहेत, पण..." या 'पण'पाशी आपला तराजू कलतो. आपल्या दीनमध्ये हलाल कमाईला कमीपणा नाही, हे आपण व्याख्यानांत सांगतो. दस्तरखानावर त्यांच्या हातचे गोश्त नसेल तर आपली दावत पुरी होत नाही. मग जोसोनच्या सरदारांत आणि आपल्यात अंतर किती?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, प्रवेशाचे दिवस. हेच भाई आपल्या मुलीला पहिलीत घालायला आले होते. मी रजिस्टर भरत होते. मुलीचे नाव, जन्मतारीख, पत्ता. पुढचा रकाना आला, वडिलांचा व्यवसाय. मला ठाऊक होता, तरी रिवाज म्हणून विचारले. ते क्षणभर थांबले. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "आपा, 'तिजारत' लिहा."

मी 'तिजारत' लिहिले. खोटे नव्हते ते. पण तो एक क्षण माझ्या मनातून गेला नाही. आमच्याकडे कोणी मुलीला परत पाठवले नसते. शाळा आपली, मोहल्ला आपला, शिक्षक आपले. तरी बापाला आवाज खाली करावासा वाटला. जिन्जूच्या बापाला दाराबाहेरचे लोक अडवत होते. इथे दार उघडे होते आणि तरी उंबऱ्यापाशी पाऊल अडखळले. ते अडखळवणारे कोण? रांगेत उभे असलेले आपणच.

ती मुलगी आता सातवीत आहे. गणितात हुशार आहे. तिचा धाकटा भाऊ येत्या जूनमध्ये पहिलीत येईल. भाई येतील, रजिस्टर माझ्यासमोर असेल, तोच रकाना येईल. मी ठरवले आहे की पेन टेकवण्याआधी त्यांना तराजूच्या नावाची ती चळवळ सांगायची, जरा मोठ्या आवाजात, रांगेतल्यांना ऐकू जाईल अशी. मग काय लिहायचे ते त्यांनी सांगावे. मी तेच लिहीन.